रडण्याचा दर

विद्यापीठात दर वर्षी पहिल्याच आठवड्यात एक भाषण असतं. विषय, फी कशी भरावी. मोठ्या सभागृहात गार हवा सोडलेली असते, दाराशी सरबताचे कागदी पेले मांडलेले असतात आणि व्यासपीठावर एक गुळगुळीत दाढी केलेला माणूस हसत हसत मार्ग सांगतो. कर्ज काढा. शिष्यवृत्ती मिळवा. हप्ते पाडून घ्या. फावल्या वेळात विद्यापीठातच काहीतरी काम करा. बोलतो असा, की ऐकणाऱ्याला वाटावं, पैसे तर रस्त्यातच पडले होते आणि आपणच मेले इतके दिवस झोपा काढत होतो.

ठकीने ते भाषण तीनदा ऐकलं होतं आणि त्यातले सगळे मार्ग तुडवून झाले होते. कर्जाला जामीन लागतो आणि जामीन राहायला पगारदार माणूस लागतो. तिच्या ओळखीत पगारदार म्हणजे फक्त घरमालक, आणि ते तिला बघितलं की भाड्याचंच काढायचे. शिष्यवृत्ती थोडक्यात हुकली, आणि थोडक्यात हुकलेल्याला कुणी थोडीशी देत नाही. हप्ते पाडून घेतले होते, त्यातला शेवटचा डोक्यावर येऊन बसला होता. तो उद्या संध्याकाळपर्यंत भरला नाही तर शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला बसता येणार नव्हतं, म्हणजे आधीची सगळी वर्षं पाण्यात. राहता राहिलं विद्यापीठातलं काम. ते तिला मिळालं होतं. पण त्या भाषणात त्या कामाचं नाव कधी निघालं नाही, आणि निघालं असतं तर सरबत पिणाऱ्यांना ठसका लागला असता.

ती पैसे घेऊन रडायची.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्ही भलतंच काही समजाल. विद्यापीठाचं स्वतःचं मोठं हॉस्पिटल आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर, डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांची एक परीक्षा चालते. औषधांची नव्हे, बोलण्याची. एका ओळीत छोट्या छोट्या खोल्या, प्रत्येक खोलीत एक नकली पेशंट. घंटा वाजली की परीक्षार्थी आत येतो, पेशंटशी बोलतो, दुसरी घंटा वाजली की बाहेर जातो. भिंतीत एक काळी काच असते. काचेमागे परीक्षक बसलेले असतात. आतल्या माणसाला ते दिसत नाहीत, त्यांना आतला माणूस दिसतो.

या नकली पेशंटांना कुणी नावाने हाक मारत नसे. ज्याचा जो आजार, तेच त्याचं नाव. छातीदुखी म्हणजे एक निवृत्त पोस्टमन काका, छातीला हात लावून असे काही वाकायचे की नवीन मुलांची पाचावर धारण बसायची. पोटदुखी म्हणून एक मुलगा होता, तोही फीसाठीच यायचा. चक्कर होती, मूतखडा होता. आणि शेवटच्या खोलीत ठकी. तिला काहीच होत नव्हतं. परीक्षार्थ्याने तिला फक्त बातमी सांगायची असायची, की तुमचे वडील गेले. वाईट बातमी माणसासारखी कशी सांगावी हे डॉक्टरांना शिकवावं लागतं, आणि शिकवायला एक ऐकणारी लागते. सगळे तिला रडूबाई म्हणायचे.

दर ठरलेले होते. पोटदुखीला सगळ्यात कमी, कारण पोट धरून कुणीही कण्हतं. छातीदुखीला त्याहून बरा. सगळ्यात वरचा दर रडणाऱ्या नातेवाइकाला, कारण दर वेळी, दर मुलासमोर, खरंखुरं पाणी काढायचं म्हणजे खायचं काम नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठकी डझनावारी वेळा रडायची. पूर्ण दिवस भरला तरच पैसे. अर्धा दिवस म्हणजे काहीच नाही, कारण मधेच कुणी उठून गेलं तर सगळ्यांना सारखी परीक्षा झाली असं म्हणता येत नाही.

आणि एक नियम होता. दुसरी घंटा वाजेपर्यंत भूमिका सोडायची नाही. काय वाटेल ते होवो. मुलं चतुर असतात, घाबरली की काहीही करतात. एकाने मधेच हात जोडून म्हटलं होतं, ताई, हे बाजूला ठेवू, मला खरंच बरं वाटत नाहीये. दुसरा तर डोळे फिरवून जमिनीवरच आडवा झाला. पोटदुखीच्या पोराला दया आली, तो खाटेवरून उठून पाणी आणायला धावला. आडवा झालेला उठून बसला, हसला आणि म्हणाला, बघा, मी यांना बरं केलं. परीक्षा रद्द झाली आणि पोटदुखीचे त्या सत्राचे सगळे पैसे बुडाले. तेव्हापासून ठकीने मनाशी गाठ मारून ठेवली होती. या खोलीत शिरलेला माणूस काहीही म्हणाला तरी ते खोटं.

दुसरी घंटा झाली की मात्र ती डोळे पुसायची, सरळ बसायची आणि समोरच्याला दोन शब्दांत सांगायची, कुठे चुकलात. उभ्या उभ्या सांगितलंत. घड्याळाकडे बघितलंत. 'एक्स्पायर झाले' म्हणू नका, माणूस आहे तो, औषधाची बाटली नाही. मग काचेकडे वळून हाताची बोटं दाखवायची. पाच म्हणजे उत्तम.

एवढं रडू येतं कुठून, असं चक्करबाईंनी तिला एकदा विचारलं होतं. कांदा लावतेस का डोळ्याला? ठकी नुसती हसली. खरं कारण कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. खरं रडू यायला खरा माणूस लागतो. पहिल्या दिवशी ती नुसतीच तोंड वाकडं करत बसली होती आणि मॅडमनी, म्हणजे हे सगळं चालवणाऱ्या बाईंनी, कपाळाला आठ्या घालून बघितलं होतं. तेव्हा घाबरून तिने बाबांना डोळ्यांसमोर आणलं. बाबा आडवे पडलेत, चादर वर ओढलेली आहे, पायाची बोटं तेवढी बाहेर. झालं, धारा लागल्या. मॅडम म्हणाल्या, वा. तेव्हापासून दोन वर्षं ती रोज बाबांना मारत होती.

हे तिला आवडायचं असं नाही. पहिल्या महिन्यात तर ती घरी जाऊन बाबा श्वास घेताहेत ना ते बघायची. मग सवय झाली. कशाचीही होते.

बाबा सोफे शिवायचे. जुन्या सोफ्याचं कापड फाडायचं, आतला स्पंज बदलायचा, नवं कापड ताणून चौकटीला बारीक खिळे मारायचे. मारायचे खिळे ते तोंडात धरायचे, मूठभर, आणि जिभेने एकेक पुढे ढकलून ओठांतून काढायचे. त्यामुळे दिवसभर ते बोलतच नसत. काही विचारलं की बंद तोंडाने "हं" एवढंच. त्या हंकाराचे पन्नास अर्थ ठकीला कळायचे. आई ती लहान असतानाच गेली. घरात तिसरं माणूस म्हणजे आत्या, बाबांची थोरली बहीण, जिभेला हाड नसलेली. बाबा बोलत नसत त्याची सगळी भरपाई ती करायची.

वर्षभर बाबांचे पाय सुजत होते. हृदय दमलंय, असं डॉक्टर म्हणाले. आठवडाभर ते याच हॉस्पिटलात खालच्या मजल्यावर मोठ्या वॉर्डात पडून होते, आणि तीन मजले वर त्यांची मुलगी त्यांच्या नावाने रडून पैसे मिळवत होती. त्यांना आणि आत्याला सांगितलं होतं, वरच्या ऑफिसात टायपिंग करते.

त्या दिवशी सकाळी कामावर जायच्या आधी ती वॉर्डात डोकावली. आत्या स्टुलावर बसून नर्सबाईंच्या नावाने बोटं मोडत होती. बाबा उशीला टेकून बसलेले. तोंडात खिळे नव्हते, तरी बोलणं तेवढंच.

"फी?" त्यांनी विचारलं.

"उद्या भरते. आज संध्याकाळी पैसे हातात येतील."

"हं." हा हंकार विश्वास न ठेवण्याचा होता. "पावती दाखव मला."

"दाखवते की. फ्रेम करून लावू या सोफ्याच्या दुकानात."

बाबा हसले आणि हसताना त्यांना धाप लागली. आत्याने ठकीला डोळ्यांनी दटावलं. "जा बाई तू, हसवू नकोस त्याला. जीव आहे का त्याच्यात हसण्याएवढा." ठकीने बाबांच्या पायावर हात ठेवला. बोट दाबलं की खळगा पडत होता आणि भरून यायला वेळ घेत होता. ती म्हणाली, "जेवणाच्या सुट्टीत येते." बाबा म्हणाले, "हं." त्याचा अर्थ, ये.

जेवणाच्या सुट्टीत तिला जाता आलं नाही. फोन सगळ्यांचे सकाळीच दाराशी पेटीत जमा होत. सकाळच्या मुलांनी उशीर लावला होता. मॅडम म्हणाल्या, सुट्टी आज अर्धी, खोलीतच डबा खा, घंटा झाली की सुरू. ठकीने डबा उघडला, दोन घास खाल्ले, झाकण लावलं. काचेमागचे परीक्षक जेवायला गेलेले असणार, पण काच काळी, कळायला मार्ग नाही. तिने पाणी प्यायलं, खुर्ची नीट केली, आणि तेवढ्यात दार उघडलं.

आत आलेला पोरगा तिने ओळखला. गेल्या वर्षी याच खोलीत त्याने दारातूनच बातमी फेकली होती, तुमचे वडील एक्स्पायर झालेत, सॉरी, आणि घाबरून स्वतःच पाणी प्यायला होता. तिने एक बोट दाखवलं होतं. तो नापास झाला होता. मुलांमध्ये त्याचं नाव पडलं होतं घाबरट. तिच्या मनात आलं, आला वाटतं पुन्हा परीक्षेला. पहिली घंटा तिला ऐकू आली नव्हती, पण डबा बंद करण्याच्या खुडबुडीत राहिली असेल. तिने भूमिका धरली.

"मी आत येऊ का?" तो म्हणाला. मग खुर्ची ओढून तिच्या समोर बसला. तिच्या पातळीवर, ना जवळ ना लांब. अगदी शिकवल्यासारखा. "तुम्ही बसलेल्याच राहा. मला तुमच्याशी तुमच्या वडिलांबद्दल बोलायचंय. बातमी चांगली नाही."

सुधारलाय की, तिला वाटलं.

"काय झालं बाबांना?" तिने आवाज जरा कापरा केला.

"अर्ध्या तासापूर्वी त्यांचं हृदय बंद पडलं. आम्ही खूप प्रयत्न केले. ते वाचले नाहीत." तो थांबला. घाई केली नाही. मग स्पष्ट म्हणाला, "तुमचे वडील गेले."

आणि गप्प बसला. ही गप्प बसण्याची गोष्ट कुणाला जमत नाही. सगळी मुलं बोलत सुटतात, घाबरून, पोकळी भरायला. हा बसला. ठकीने बाबांना डोळ्यांसमोर आणलं. चादर, पायाची बोटं. आज सकाळी दाबून बघितलेला पाय होता, त्यामुळे काम पटकन झालं. ती रडायला लागली. पहिल्यांदा नाही नाही म्हणायचं असतं, ते म्हटलं. मग रागवायचं असतं, ती रागावली, तुम्ही काय करत होतात, झोपा काढत होतात का. तो खाली न बघता ऐकत राहिला. त्याने रुमाल पुढे केला. त्याचेही डोळे भरले होते, आणि ते जरा जास्तच झालं असं तिला वाटलं, पण चालेल.

"ते शेवटी तुमची आठवण काढत होते," तो म्हणाला.

हे त्याने पदरचं घातलं, ती मनात म्हणाली. पाठांतरात नाही हे. पण बरं वाटतं ऐकायला.

ती आणखी रडली. रडता रडता घंटेची वाट बघत होती. हा मुलगा वेळेचं भान ठेवून नव्हता, किंवा घंटाच उशिरा वाजत होती. शेवटी वाजली.

ठकीने डोळे पुसले. सरळ बसली. रोजच्या आवाजात म्हणाली, "छान झालं. गेल्या वर्षी असं केलं असतंत तर मला एकच बोट दाखवावं लागलं नसतं. बसून बोललात, शब्द सरळ वापरलेत, आणि गप्प राहिलात. ते सगळ्यात उत्तम. शेवटचं ते आठवण काढण्याचं तेवढं कमी करा, नाटकी वाटतं." मग काचेकडे वळून तिने पाची बोटं दाखवली.

तो पोरगा तिच्याकडे बघतच राहिला.

"काय?" ठकी म्हणाली. "पास झालात. जा आता, पुढचा येईल."

"मी पास झालोय मागेच," तो हळूच म्हणाला. "दुसऱ्या खेपेला. मी खाली वॉर्डात असतो आता. तुमच्या आत्यांनी सांगितलं, पोरगी वर असते." त्याने खाली ठेवलेली प्लॅस्टिकची पिशवी उचलून तिच्या मांडीवर ठेवली. इतक्या दिवसांत कुठल्याच परीक्षार्थ्याने तिला कधी काही वस्तू दिली नव्हती. भूमिकेत वस्तू नसतात.

पिशवीत बाबांचा चष्मा होता. शर्ट होता, घडी न करता कोंबलेला. शर्टाच्या खिशातून बारीक खिळे पिशवीच्या तळाशी सांडले होते.

दाराबाहेर कुणीतरी टकटक केलं. एक मुलगी डोकावली, कोट नवा, घाबरलेला चेहरा. "येऊ का? घंटा झाली ना?" तीच घंटा होती ती. दुपारच्या सत्राची पहिली.

मॅडम धावत आल्या. त्या वाईट बाई होत्या असं कुणी म्हणणार नाही. ठेवणीतला हळू आवाज होता त्यांच्याकडे, आणि तो त्यांनी काढला. मुलीला बाहेर थांबवलं, डॉक्टर पोराला बाजूला केलं, ठकीच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे देवा. आत्ता कळलं मला. सकाळी तुझी आत्या आली होती गं दाराशी, म्हणत होती, भाऊ बोलावतोय तिला. मी म्हटलं, परीक्षा चालू आहे, सुट्टीत सांगते. मग सुट्टीच लांबली आणि राहून गेलं बघ. तुझ्याच दिवसाचा विचार केला मी. मधे उठली असतीस तर पैसे गेले असते तुझे."

मांडीवरची पिशवी ठकीने दोन्ही हातांनी धरली होती. बाबा बोलावत होते. सकाळी. तेव्हा ती या खुर्चीत बसून त्यांच्या नावाने रडत होती.

"हे बघ," मॅडम म्हणाल्या, "तू जाणार असशील तर जा, मी अडवणार नाही. पण दुपारची मुलं बाहेर उभी आहेत. तू गेलीस की त्यांचीही परीक्षा रद्द, आणि तुझी सकाळसुद्धा धरता येत नाही, नियमच आहे तसा. उद्या फीची तारीख ना तुझी? खाली आता कागदपत्रं होईपर्यंत वेळ जातोच. तिथे बसून तरी काय करणार आहेस?"

"अहो मॅडम, काय बोलताय," तो डॉक्टर पोरगा म्हणाला.

"मी तिच्या भल्याचं बोलतेय," मॅडम म्हणाल्या आणि त्यांना तसंच वाटत होतं.

ठकीच्या कानात बाबांचा आवाज होता. पावती दाखव मला. आता कुणाला दाखवायची, हा विचार यायला हवा होता, तो आला नाही. आला तो हा, की नाही भरली फी तर ते सुजलेले पाय घेऊन ठोकलेले सगळे खिळे फुकट. तिने पिशवीला गाठ मारली आणि खुर्चीखाली ठेवली. "आत्याला सांगाल का," ती त्या पोराला म्हणाली, "मी येते म्हणून." तो मान खाली घालून गेला.

मग पहिली मुलगी आत आली. बसली, थांबली, म्हणाली, तुमचे वडील गेले. ठकीने बाबांना डोळ्यांसमोर आणलं. चादर, पायाची बोटं. काहीच झालं नाही. तिने पुन्हा आणलं. ते चित्र तिने इतक्या वेळा वापरलं होतं की आता खरं झालं तरी ते तसंच दिसत होतं. डोळे कोरडे ठणठणीत. ती नुसती त्या मुलीकडे बघत राहिली. मुलगी गोंधळली, पाणी देऊ का म्हणाली, आणि घंटा होईपर्यंत स्वतःच्याच बोटांशी खेळत बसली.

दुसऱ्या मुलाच्या वेळी तिने चष्मा आठवला. तिसऱ्याच्या वेळी सकाळचा तो हंकार. जीव तोडून ओढलं, पण थेंब आला नाही. एका मुलाने तर मधेच विचारलं, तुम्हाला कळलं का मी काय म्हणालो ते? तिने मान हलवली. कळलं, म्हणाली. ती संध्याकाळपर्यंत बसली, सगळ्यांसमोर, एकदाही न रडता, आणि प्रत्येकाने तिला सांगितलं की तिचे वडील गेले.

शेवटची घंटा झाल्यावर मॅडम आल्या. त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या. "परीक्षक नाराज आहेत गं. मुलांना रडणाऱ्या माणसाला सांभाळायचं शिकायचं असतं, तू तर भिंतीसारखी बसलीस. वरचा दर मी कुठल्या तोंडाने लावू?" मग त्या खरोखरच न कळून म्हणाल्या, "मला वाटलं होतं, आज तर तुला सोपं जाईल."

दुपारचा दर पोटदुखीचा लागला. ठकीने पाकीट उघडूनही बघितलं नाही. हप्त्याला कमी पडणार हे तिला हातात घेतल्या घेतल्या समजलं.

"उद्या सकाळी आणखी एक तुकडी आहे," मॅडम म्हणाल्या. "तुकडीच अर्ध्या दिवसाची आहे, पण वरच्या दराने पैसे दुपारी लगेच मिळतील, मी बोलून ठेवते. तुझी तारीख निभावेल. पण रडू येणार असेल तरच ये बाई. नाहीतर मी चक्करवालीला बसवते, ती केव्हाची मागे लागलीये."

"येईल," ठकी म्हणाली.

ती जिना उतरून खाली आली. वॉर्डातली खाट रिकामी होती, नवी चादर घालून झाली होती. आत्या मागच्या बाजूला, शवागाराच्या बंद दाराबाहेरच्या बाकावर बसली होती. दिवसभरात ती निम्मी झाल्यासारखी दिसत होती. केस सुटलेले, चपला एकीकडे. ठकीला बघून ती उठली नाही.

"आलीस?" आत्या म्हणाली. "झालं टायपिंग?"

ठकी शेजारी बसली. पिशवी मधे ठेवली.

"सकाळपासून तुझं नाव घेत होता. मी वर आले तर त्या भवानीने दारातून हाकललं. म्हणाली सुट्टीत पाठवते. तो दाराकडे बघत होता गं. मी म्हटलं, येतेय, येतेय ती, जिन्यात आहे. शेवटपर्यंत जिन्यातच ठेवलं तुला मी." आत्याचा आवाज फुटला, मग ती सावरली आणि ठकीच्या चेहऱ्याकडे नीट बघू लागली. बराच वेळ बघितलं. "तुझे डोळे कोरडे आहेत," ती म्हणाली. "बाप गेलाय तुझा. तोंडात खिळे धरून धरून दात झिजले त्याचे तुझ्या फीपायी. दोन टिपं गाळता येत नाहीत तुला त्याच्यासाठी? कसली गं तू पोर? दगड बरा."

ठकीला बोलायचं होतं. दोन वर्षं गाळतेय, रोज गाळतेय, तुझ्या भावाच्या वाट्याचं सगळं पाणी मी विकून खाल्लं, आता काय आणू. पण ते सांगायला टायपिंगपासून सुरुवात करावी लागली असती. ती आत्याकडे बघत राहिली.

आत्याच्या मानेवरची शीर उडत होती. हातांची कातडी कागदासारखी झाली होती, नखांत हळदीचा पिवळेपणा. पाय बाकाखाली लोंबत होते, घोट्यापाशी थोडे सुजलेले. ठकीने हे आधी कधी बघितलं नव्हतं. ती घोट्यांकडे बघत राहिली, आणि नको नको म्हणत असताना तिच्या डोळ्यांसमोर ते पाय आडवे झाले. वर चादर आली. हे बोलणारं तोंड मिटलं. घरात संध्याकाळी दिवा लावला आणि कुणाच्या नावाने बोटं मोडणारं कुणी उरलं नाही.

गालावरून पाणी ओघळलं. मग धार लागली. खांदे गदगदू लागले.

"हां," आत्या म्हणाली आणि तिने ठकीला छातीशी ओढलं. "रड, माझी बाई, रड. मी काहीबाही बोलले, मनावर घेऊ नको. रड बापासाठी. मोकळी हो." ती स्वतःही रडत होती आणि ठकीच्या पाठीवरून हात फिरवत होती.

ठकी तिच्या कुशीत शिरून रडली. उद्या सकाळी किती मुलं असतील, ते तिला माहीत होतं. तेवढ्यांना आत्या पुरणार होती.